चोवीस व्होल्टचं भूत

भुताने वेळेवर यायला पाहिजे, असं मानणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. त्याचं नाव प्रभाकर आहेर. आम्ही दोघं गंगापूर रोडवर एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काम करतो आणि तिथलं भूत आहेरांच्या ताब्यात आहे. दर मंगळवारी ते भुताच्या खोलीच्या दारावर पाटी लावतात, 'भूत दुरुस्तीसाठी बंद'. मग बाह्या वर सारून, हातात टेस्टर घेऊन, भुताची आरामखुर्ची उलटी करून तिच्याजवळ मांडी घालून बसतात. भुताने खुर्ची हलवायला एक सेकंद जरी उशीर केला, तरी त्या दिवशी आहेरांना डबा गोड लागत नाही.

ही जागा म्हणजे एस्केप रूम. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. चार-पाच जणांनी हौसेने तिकीट काढायचं, मोबाईल बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचे आणि एका खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं. आत कोडी असतात. ती तासाभरात सोडवली तर दार उघडतं. नाही सोडवली तरीही दार उघडतं, फक्त बाहेर येताना तोंड पडलेलं असतं. हल्ली लोकांना यात मजा वाटते. आमच्या वेळी कोंडून ठेवणं ही शिक्षा होती.

मी विमा कंपनीतून लवकर बाहेर पडलेला आणि हौशी नाटकात आयुष्यभर दुसऱ्या अंकात मरणारा माणूस. इथल्या दोन खोल्यांच्या गोष्टी मी लिहिल्या. एक 'राजवैद्याचा शाप', म्हणजे भुताची खोली, आणि दुसरी 'बुडालेली पाणबुडी'. नाशिकपासून समुद्र बराच लांब आहे, त्यामुळे माझ्या पाणबुडीबद्दल अजून तरी कोणी शंका घेतलेली नाही. मालकीण केतकी कुलथे. बंगळूरची नोकरी सोडून आलेली, तिशी ओलांडलेली, झपाट्याने बोलणारी बाई. ती मला 'सर' म्हणते. आहेर मला 'लेखक' म्हणतात. हा शब्द ते ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात इतर लोक 'झुरळ' म्हणतात.

आहेर मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस-एकतीस वर्षं कंट्रोल पॅनल बनवली. पॅनल म्हणजे ते लोखंडी कपाट, ज्यातून मोठी यंत्रं चालू-बंद होतात. निवृत्त झाल्यावर ते आमच्या खालच्या दुकानात टेबलाचा एक पाय आखूड आहे ही तक्रार घेऊन आले होते. त्या दिवशी आमचं उद्घाटन होतं. केतकीने बाहेरून मागवलेली यंत्रणा पहिल्याच खेळात बंद पडली आणि आठ पाहुणे आत अडकले, त्यात तिचे सासरेही होते. आरडाओरडा ऐकून आहेर वर आले, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन मिनिटांत दार उघडलं. मग पुढचा पाऊण तास त्यांनी सुटलेल्या पाहुण्यांना उभं करून, आपत्कालीन दाराला स्वतंत्र वीजपुरवठा का हवा, यावर व्याख्यान दिलं. सासरे म्हणाले की आत बरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आहेर हत्यारांची पेटी घेऊन हजर. त्यांना नोकरी दिली असं नाही म्हणता येणार. ते आले आणि राहिले.

महिनाभरात त्यांनी आमच्या छोट्याशा कंट्रोल रूममध्ये माणसाच्या उंचीचं राखाडी पॅनल उभं केलं. त्यावर लाल-हिरवे दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली कोरलेली पितळी पट्टी. कारखान्यात तिथे 'मोटर १', 'पंप २' असं लिहिलेलं असतं. इथे 'कवटी', 'औषधाचं कपाट', 'पाणबुडी गळती', आणि सगळ्यात वर 'भूत – मुख्य पुरवठा'. भुताला किती वीज लागते हे मी एकदा सहज विचारलं. चोवीस व्होल्ट, ते म्हणाले, आणि पुढे अर्धा तास बोलत राहिले. त्यानंतर मी त्यांना सहज काही विचारत नाही.

त्यांचं एकच पालुपद आहे. "आधी इनपुट, मग आउटपुट." म्हणजे वैद्याच्या फळीवर चार बाटल्या योग्य जागी ठेवल्या की बाटल्यांच्या बुडातलं लोहचुंबक खालच्या सेन्सरला कळवतं, सेन्सर पॅनलला कळवतो आणि मगच कपाट उघडतं. इथपर्यंत मला मान्य आहे. पण हा माणूस जगाकडेच तसा बघतो. चहावाल्याने न विचारता चहा ठेवला तर ते घेत नाहीत, कारण इनपुट दिलेलं नव्हतं. उपनगर भागातल्या घरून स्कूटरवर येताना द्वारका चौकात लोक हिरवा दिवा लागायच्या आधीच निघतात, हे त्यांना रोज नव्याने लागतं. इथे पोचल्यावर ते हेल्मेट काढायच्या आधी मला त्या दिवशीचे गुन्हेगार सांगतात. रागावले की त्यांची बोली बाहेर येते. "काय शे हे?" असं ते पॅनलकडे बघून म्हणाले की समजायचं, आज कोणी जवळ जायचं नाही.

माझं आणि त्यांचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. राजवैद्याच्या खोलीत अंधार झाल्यावर घुमणाऱ्या आवाजासाठी मी दोन पानं लिहिली होती. 'शतकानुशतकांच्या तळघरातून मी तुम्हाला हाक मारतो आहे', अशी सुरुवात होती. आहेरांनी ती पानं वाचली, घडी घालून टेबलाच्या हलत्या पायाखाली सरकवली आणि माइक स्वतः हातात घेतला. आता तिथे असा आवाज येतो : "नमस्कार. दरवाजा क्रमांक दोन बाहेर उघडतो. कृपया आत ओढू नये. शापाचा कालावधी साठ मिनिटं." माझा शाप त्यांनी एसटीच्या घोषणेवर आणून ठेवला. वाईट याचं वाटतं की लोक त्या आवाजाला जास्त घाबरतात.

मदत मागणाऱ्यांशीही ते असेच बोलतात. आतून कोणी कॅमेऱ्याकडे हात वर केला की संकेत द्यायचा असा नियम आहे. एकदा कॉलेजच्या पोरांचा एक घोळका भिंतीवरच्या पाइपमध्ये वीस मिनिटं गुप्त संदेश शोधत होता. आहेर माइकवर म्हणाले, "ती ड्रेनेजची लाइन आहे." एवढंच. दुसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा म्हणाले, "अजूनही तीच आहे."

त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी नातवाच्या वाढदिवसाला आले होते, तो प्रसंग तर मी अजून लोकांना सांगतो. सगळे कोडी सोडवत होते आणि गुरुजी एका कोपऱ्यात शांत बसले होते. भुताची खुर्ची आपोआप हलली तशी पोरं किंचाळली. गुरुजी मात्र उठले, खुर्चीसमोर हात जोडून उभे राहिले आणि वर बघून अतिशय गंभीरपणे विचारू लागले की गेलेल्याचं गोत्र काय आणि इच्छा कोणती राहिली आहे. त्यांचा तो रोजचा व्यवसाय. दुसरा कोणी असता तर हसला असता, किंवा माझ्यासारखा एखादा झकास संवाद तरी टाकला असता. आहेरांनी तितक्याच गंभीरपणे माइक चालू केला आणि म्हणाले, "गोत्राची नोंद नाही. चोवीस व्होल्ट डीसी आहे." गुरुजींनी मान डोलावली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

आणि त्यांची ती वही. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, कारखान्यात पाळीच्या नोंदी ठेवतात तशी. प्रत्येक खेळानंतर ते तीत शेरा लिहितात. मी ती चोरून वाचतो. 'गट पाच जणांचा. पाचही जण पुढारी. नापास.' 'नवरा-बायको. बायकोला उत्तर सापडलं, नवऱ्याने मोठ्याने सांगितलं. पास, पण बायको.' 'चार जण. तिघे बोलतात, चौथ्याला माहीत आहे. त्याला कोणी विचारत नाही.' माझ्या गोष्टीवर तीन वर्षांत एकच शेरा आहे. 'कथा : अडथळा नाही.'

तर असा हा कधीच न चुकणारा माणूस. रोज कोणी तरी आपल्याला सुधारत असलं की त्याची एक तरी चूक आपल्या हाती लागावी असं वाटू लागतं. मी मोठ्या मनाचा माणूस नाही. मी वाट बघत होतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर केतकीने नवीन यंत्रणा घेतली. टॅबलेटवर बोट फिरवलं की सगळ्या खोल्या चालतात, संकेत आपोआप गोड आवाजात दिले जातात, आणि प्रत्येक खेळाचा अहवाल निघतो. आहेर म्हणाले की टॅबलेट डोकं दुखल्यावर घेतात. पण केतकीच्या मनात होतं की हळूहळू सगळं त्यावर न्यायचं. आहेरांचं काय, हे ती बोलली नाही आणि त्यांनी विचारलं नाही. फक्त त्या दिवसांत ते पॅनलचे दिवे एक एक करून फडक्याने पुसत बसायचे. पुसून झाले की पुन्हा पहिल्यापासून.

ठरलं असं की दोन आठवडे पॅनलच सगळं चालवेल आणि टॅबलेट बाजूला राहून नुसत्या नोंदी घेईल. दोन आठवड्यांनी केतकीने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. तिच्या हातात अहवाल होता. अकरा खेळांमध्ये पॅनलचं घड्याळ आणि टॅबलेटचं घड्याळ जुळत नव्हतं. पॅनल म्हणत होतं साठ मिनिटं, टॅबलेट म्हणत होता सत्तर, कधी त्र्याहत्तर. पुढच्या गटांना बाहेर ताटकळावं लागतं, अशा तक्रारी तिच्याकडे आधीपासून येत होत्याच.

मला किती आनंद झाला हे सांगायची लाज वाटते, पण झाला. मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

केतकीने नरमाईने विचारलं की पॅनल जुनं झालंय का, घड्याळ मागे पडतंय का.

"पॅनल बठ्ठं बरोबर शे," आहेर म्हणाले. मग सावरून म्हणाले, "सगळं बरोबर आहे. घड्याळ मी थांबवलं."

केतकीला वाटलं, त्यांना प्रश्न नीट कळला नाही. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग कपाटातून ती निळी वही आणून त्या अकरा खेळांची पानं काढून तिच्यापुढे ठेवली, कामगाराने सुट्टीचा अर्ज ठेवावा तशी. त्या पानांवर पास-नापास काहीच नव्हतं. नुसती वेळ लिहिलेली होती, घड्याळ थांबवल्याची आणि पुन्हा चालू केल्याची.

मग ते सांगू लागले. शनिवारी चार वाजता एक कुटुंब आलं होतं, आई-वडील आणि विशीतली मुलगी. पहिली चाळीस मिनिटं तिघं तीन भिंतींकडे तोंड करून होते. मुलगी वडिलांशी बोलत नाही, हे कॅमेऱ्यातूनही कळत होतं. मग वडिलांनी कवटीच्या जबड्यात बोट घातलं आणि ते अडकलं. मुलगी आधी हसली, मग धावली, मग त्यांचं बोट सोडवता सोडवता त्यांच्याशी बोलू लागली. बोट निघालं तरी तिने हात सोडला नव्हता. कोडं तसंच पडलेलं. तिघं जमिनीवर बसून कसली तरी जुनी गोष्ट सांगत होते. घड्याळात सहा मिनिटं उरली होती.

"बाहेर आले असते की लॉकरमधून तीन मोबाईल काढले असते," आहेर म्हणाले. "त्यांचं काम अर्धवट होतं, मॅडम. म्हणून थांबवलं."

अकराही खेळ असेच होते. केतकी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळू लागली. मी मात्र तीन वर्षं घासून ठेवलेलं बोलणं वाया जाऊ द्यायला तयार नव्हतो. मी म्हणालो, "वा, आहेर. लोकांचं घड्याळ थांबवता. घरी कोण थांबवतं?"

ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. मीटरवरचं वाचन सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "घरी आम्ही दोघंच असतो. ती हॉस्पिटलात नर्स होती. माझी दिवसपाळी असली की तिची रात्रपाळी. तीस वर्षं दारात किल्ली द्यायला भेटलो. आता दोघंही रिटायर झालो. सकाळी चहा होतो, दूध आणायचंय का ते विचारून होतं. त्याच्यापुढे काय बोलायचं असतं, ते आम्हाला येत नाही."

मी खुर्ची मागे सरकवली.

केतकीने अहवाल खणात टाकला. थोड्या वेळाने ती म्हणाली की नवीन यंत्रणेची चाचणी घ्यायचीय, आणि त्यासाठी ही खोली कधीही न पाहिलेलं कोणी तरी हवं. मंगळवारी काकूंना घेऊन या. आहेरांनी नाना कारणं दिली. तिचे गुडघे दुखतात, तिला असल्या गोष्टींत रस नाही, मंगळवारी भुताची दुरुस्ती असते. केतकी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली की तीन वाजता.

आहेरांच्या पत्नी सुमनताई वेळेवर आल्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी पॅनलकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. आत एकट्या माणसाला सोडायचं नाही हा आहेरांचाच नियम, लेखी, त्यांच्या सहीचा. त्यामुळे त्यांनाही आत जावं लागलं. टॅबलेट केतकीच्या हातात होता. पडद्यासमोर आहेरांच्या खुर्चीत मी बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा ती खुर्ची मला मिळाली होती.

आत गेल्यावर आहेर हाताची घडी घालून भिंतीला टेकले. त्यांना सगळी उत्तरं माहीत होती आणि सांगायची नव्हती, म्हणजे तोंड बंद ठेवायला कारणच मिळालं. सुमनताईंनी चष्मा लावला आणि वॉर्डात फेरी मारावी तशी खोली फिरल्या. औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून त्यांनी तीन मिनिटांत चारही बाटल्या जागेवर ठेवल्या आणि कपाट उघडलं. आमचे इंजिनीअर गिऱ्हाईक त्यावर पंचवीस मिनिटं घालवतात. मग कोपऱ्यातल्या सांगाड्यापुढे त्या थांबल्या.

"याचा उजवा हात डावीकडे लावलाय," त्या म्हणाल्या.

आहेर पुढे आले, वाकून पाहिलं, स्वतःचा हात वर करून ताडून पाहिलं. तीन वर्षं हजारो माणसांसमोर तो सांगाडा दोन्हीकडे चुकीचे हात घेऊन उभा होता आणि तो आहेरांनी स्वतः जोडला होता. मी इतका वेळ ज्याची वाट पाहिली ती चूक ही. केतकी माझ्याकडे बघून हसली. मलाही हसायला हवं होतं.

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. सुमनताईंनी न सांगता सांगाड्याचा खांदा धरून ठेवला. दोघं मिळून हात बदलू लागले. दुसरा हात बसवताना खुर्ची आपली आपण हलली. सुमनताई दचकल्या नाहीत. त्यांनी विचारलं की हे कोण हलवतं. आहेर म्हणाले, मी. मग खुर्चीखालची मोटर दाखवली, बाटलीच्या बुडातलं लोहचुंबक दाखवलं, कोणती तार भिंतीतून कुठे जाते ते बोटाने काढून दाखवलं. मला हेच ऐकताना जांभया येतात. त्या प्रत्येक ठिकाणी 'मग?' म्हणत होत्या.

सगळं सांगून झाल्यावर त्या आरामखुर्चीत बसल्या. आहेर शेजारच्या पेटीवर टेकले. टॅबलेटच्या गोड आवाजाने एक संकेत दिला, त्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"मला वाटायचं तुम्ही इथं वॉचमन आहात," सुमनताई म्हणाल्या.

आहेरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आठवड्यात एक दिवससुद्धा सुट्टी नाही. हातात पेटी, खिशात किल्ल्या. कधी काही सांगत नव्हतात. म्हटलं, एवढं वरचं काम केलेला माणूस, आता सांगायला कमीपणा वाटत असेल. म्हणून मी विचारलं नाही. शेजारी कोणी विचारलं तर सांगायची, वाचनालयात जातात."

आहेर हातातल्या स्क्रूड्रायव्हरची मूठ अंगठ्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला विचारायचं नाही."

केतकीने हात पुढे करून आवाज बंद केला. पडद्यावर चित्र राहिलं. सुमनताई काही तरी सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी दोन्ही हातांनी एक लहान आकार करून दाखवला, बाळाएवढा. हॉस्पिटलातली कुठलीशी गोष्ट असावी. आहेर पेटी पुढे सरकवून, ऐकायला कमी येणाऱ्या माणसासारखे वाकून बसले होते. त्यांना ऐकायला अगदी व्यवस्थित येतं.

साठ मिनिटं झाली. नवीन यंत्रणेने बिनचूक दिवे लावले आणि दार आपोआप सताड उघडलं. कोडं अर्ध्यावर होतं. त्या दोघांनी दाराकडे वळूनही पाहिलं नाही. मी आणि केतकी उठलो आणि खाली जाऊन, फर्निचरच्या दुकानाच्या पायरीवर, ते उतरेपर्यंत बसून राहिलो.